सायकलीने पंढरीची वाट

हल्ली पुष्कळ मंडळी सायकलीने पंढरी गाठतात. पायी वारीची सर त्याला नाही. तरी नाक मुरडू नये. हा चढउताराचा मुलूख पायांना कळतो, मग ते चालोत की पायडल मारोत.

दिवे घाट चांगलाच दमवतो. वर आलात की सासवडला जरा थांबा. कऱ्हेकाठी सोपानकाकांची समाधी आहे: शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी. आळंदीला माउलींनी समाधी घेतली, त्याला नेमका महिना झाला होता. महिन्याच्या आत दोन भावंडे! आणि त्याच साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. आपण मात्र चहा पिऊन, घाट किती मिनिटांत चढलो ते मोजत पुढे निघतो.

पुढे जेजुरी, नीरा, फलटण, माळशिरस. वेळापूरच्या अलीकडे धावाबावीचा उतार आहे. इथून तुकोबांना कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा. म्हणून दिंड्याही धावतात. सायकल तर आपोआपच धावते. पण गावात शिरताना ब्रेक लावा. अर्धनारीनटेश्वराच्या देवळात रामदेवराव यादवांच्या काळचे शिलालेख आहेत. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउलींनी ज्याचे नाव घातले, तोच हा राजा. ग्रंथ १२९० चा. सायकल भिंतीला टेका, चपला काढा, आणि ती अक्षरे जवळून पाहा.