तंबाखूची टोपणनावे

महाडच्या बाजारपेठेचे स्थान मोठे मार्मिक आहे. बाणकोटच्या खाडीने सावित्रीत शिरणारा गलबतांचा माल आणि घाट उतरून देशावरून येणारा बैलांच्या पाठीवरचा माल यांची गाठ पूर्वी या पेठेत पडत असे. श्रीवर्धनची सुपारी ही समुद्राच्या बाजूची. तंबाखू मात्र घाटावरची, कारण कोकणच्या तांबड्या मातीत तिचे पीक नाव घेण्याजोगे कधीच झाले नाही. हे दोन जिन्नस आज एका चकचकीत पुडीत शेजारी आले असून, त्या पुडीविषयी महाड-पोलादपुराकडील तरुणांची जी समजूत आहे तिचा थोडा मागोवा घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

समजूत अशी. विशी-बाविशीच्या एखाद्या तरुणास, “तू तंबाखू खातोस काय?” असे विचारावे, तर तो चटकन “नाही” म्हणतो. तंबाखू आजोबा खात. चंची, चुन्याची डबी, तळहातावरची मळणी, हे सारे त्याच्या लेखी म्हातारपणाचे आणि गावंढळपणाचे. तो खातो तो मसाला, किंवा नुसती ‘सुगंधी’. त्यास वास चांगला, पुडी देखणी, आणि ती शहरातील मित्रांच्याही खिशात असते. असा तरुण खोटे बोलत आहे असे आम्हांस वाटत नाही. गोड वा सुवासिक केलेली तंबाखू साध्या तंबाखूहून कमी अपायकारक असावी, असे तरुणांस वाटते, ही गोष्ट देशोदेशींच्या पाहण्यांत दिसून आली आहे. परंतु आमच्याकडे या समजुतीस जो घरगुती इतिहास आहे, तो इतरत्र क्वचितच असेल.

तंबाखू या देशी आली तीच मुळी नटून. पोर्तुगीजांनी आणलेली ही वनस्पती असद बेग नावाच्या मोगल वकिलाने विजापुराहून सन 1604-05 च्या सुमारास अकबराच्या दरबारी नेली. ती सोबत रत्नजडित चिलीम घेऊन गेली. हकिमांनी नाके मुरडली, तरी सरदारांस तिचा मोह आवरला नाही. पुढे 1617 मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदीचे फर्मान काढले. त्याचे काय झाले हे सांगावयास नकोच. ज्या आदिलशाहीच्या राजधानीतून ती चिलीम निघाली, तिची सरहद्द सावित्रीच्या खोऱ्याला येऊन भिडत होती, हे या भागातील वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दरबाराची गोष्ट दूरची. घरात तंबाखूने जे नाव धारण केले ते अधिक चिवट ठरले. कोकणातील कोणत्याही गावी पहाटे चुलीवर तवा चढवून तंबाखू काळी होईतो भाजली जात असता जो उग्र धूर कोंदतो, तो ज्याने एकदा हुंगला तो विसरणार नाही. मग ती कुटावयाची, चाळावयाची, आणि डाव्या तळहातावर घेऊन तर्जनीने दातांस लावावयाची. ही मशेरी. तिला व्यसन म्हणण्याची पद्धत नव्हती व अद्यापही फारशी नाही. ते ‘दात घासणे’ होय! दात दिवसातून चार वेळा का घासावे लागतात, आणि न घासल्यास डोके का चढते, असे कोणी विचारीत नसे. सासूची मशेरी सुनेकडे आणि आईची लेकीकडे गेली. पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या बिऱ्हाडांबरोबर ती चाळींतही जाऊन बसली. पुरुषाच्या विडीवर कीर्तनकार कोरडे ओढीत. मशेरी मात्र स्वच्छतेच्या पांघरुणाखाली निर्धास्त राहिली. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने मनाई केली ती 1992 मध्ये. दुकानातील डबीपुरताच तो कायदा; तव्यापर्यंत त्याचा हात कसा पोहोचावा?

तेव्हा मशेरीच्या घरात वाढलेल्या मुलास, तोंडात धरावयाची वस्तू ही तंबाखूच असते असे नव्हे, हा धडा मिसरूड फुटण्यापूर्वीच मिळालेला असतो.

दुसरा धडा पानदानाचा. पाहुण्यापुढे तबक ठेवणे हे आमचे आतिथ्य. कात, लवंग, वेलदोडा हे त्याचे अलंकार. तंबाखू असलीच तर एका कोपऱ्यात, ज्याची त्याने घ्यावयाची. सन 1970 नंतर पानमसाल्याच्या कारखानदारांनी हे तबक पुडीत भरले आणि, हे विशेष, त्याबरोबर आतिथ्याची प्रतिष्ठाही भरली. दूरदर्शनवर अशोककुमार व शम्मी कपूर यांची जी जाहिरात येई तिचा प्रसंग लग्नाच्या बोलणीचा होता. त्या पानमसाल्यात तंबाखू नव्हती हे खरे. पण तिला पुढे त्याच वेषात, गुटखा या नावाने, मांडवात येण्यास वाट मोकळी झाली. पूर्वीची तबकातील ऐच्छिक वस्तू आता घटकद्रव्य झाली. तरुणास निवडावयाचे उरले नाही.

सुगंधाचे खरे काम येथे पाहावे. कोरी तंबाखू प्रथमच तोंडात घेणाऱ्यास गरगरते, उमासे येतात. निसर्गाने दाराशी बसविलेला हा पहारेकरीच म्हणावयाचा. पेपरमिंटचा गारवा, वेलदोडा, केवडा व साखरेसारखी गोडी ही त्या पहारेकऱ्यास दिलेली लाच होय. चुना निकोटीन मोकळे करून ते गालाच्या त्वचेतून रक्तात लवकर उतरवितो. सुपारी तर तंबाखूवाचूनही कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये दिला. तिच्यामुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होत जाते, तिखट सोसत नाही, आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. एके काळी हे दुखणे उतारवयाचे समजले जाई. पुडी आल्यापासून ते विशीतिशीत दिसू लागले. भाकरीचा तुकडा मुडपून दातांमधून सरकविणारा पंचविशीचा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको.

सरकारने काय केले? महाराष्ट्राने 1 ऑगस्ट 2002 पासून गुटखा व पानमसाला यांवर पाच वर्षांची बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने 2 ऑगस्ट 2004 रोजी ती रद्द ठरविली. कारण असे की, अशी बंदी घालण्याचा अधिकार राज्याच्या अन्न-अधिकाऱ्याचा नसून केंद्राचा. मग 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्याखालील 2011 च्या नियमाने कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटीन घालण्यास मनाई केली, आणि त्या आधारे जुलै 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटखा पुन्हा बंद झाला. वर्षभराने सुगंधी तंबाखू, मावा व खर्रा हेही त्या कक्षेत आले. या साऱ्या वादाचा मध्यबिंदू वाचकांच्या ध्यानात आलाच असेल: हा पदार्थ अन्न की तंबाखू? पोलादपुराच्या टपरीपुढे उभा असलेला पोरगा ज्या कोड्यात आहे, त्याच कोड्यात कायदाही वर्षानुवर्षे होता. त्या पोरास अडाणी म्हणण्याची घाई आम्ही म्हणूनच करणार नाही.

परदेशांतही हेच. अमेरिकेने 2009 मध्ये फळांच्या व मिठाईच्या स्वादाच्या सिगारेटी बंद केल्या, पण पेपरमिंटचा स्वाद तेवढा वगळला. युरोपीय संघाने तोही 2020 मध्ये बंद केला.

महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील लोकांत तंबाखू सेवन करणाऱ्यांचे प्रमाण 2009-10 च्या पाहणीत शेकडा 31.4 होते, ते 2016-17 मध्ये 26.6 वर आले. ही आनंदाची गोष्ट. पण त्याच दोन पाहण्यांच्या दरम्यान पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलांतील प्रमाण शेकडा 2.9 वरून 5.5 वर चढले, हे त्या आनंदाखाली झाकून ठेवता येत नाही. आजोबांनी चंची खाली ठेवली. नातवाने पुडी उचलली.

बंदीला बगल देण्याची युक्तीही फार साधी निघाली. एका पुडीत निव्वळ पानमसाला, दुसरीत निव्वळ जर्दा. दोन्ही एकाच दुकानी, एकाच हातून मिळावयाच्या. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये याकडे लक्ष वेधून राज्यांस जाब विचारला. महाराष्ट्रात सुवासिक जर्दाही निषिद्धच, तरी त्याची ने-आण थांबलेली नाही. मुंबई-गोव्याच्या हमरस्त्यावर, पोलादपुराहून महाबळेश्वराची वाट फुटते तेथे, एस. टी. थांबली की तरुण खाली उतरतात. एक पुडी फाडून तिच्यात दुसरी ओततात, बोटाने चार वेळा हलवितात, आणि तोंड वर करून ती रिकामी करतात. त्यांपैकी एकासही आपण तंबाखू मळली असे वाटत नाही.