धुक्यातली सायकल : ऊब आणि उजेड यांच्या शोधाचा इतिहास

पौष महिन्यातील पहाट. पंजाबपासून बिहारपर्यंत पसरलेल्या सिंधू-गंगेच्या मैदानावर धुके उतरलेले असते. दृश्यमानता 50 मीटरच्या खाली गेली की भारतीय हवामान विभाग त्याला ‘अतिदाट धुके’ म्हणतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारी मोटार हे 50 मीटर अवघ्या तीन सेकंदांत ओलांडते. याच वेळी त्याच रस्त्यावर दूधवाले, वृत्तपत्रे टाकणारी मुले, पहिल्या पाळीचे कामगार आणि शाळकरी विद्यार्थी सायकलवरून निघालेले असतात. अंगावर गडद रंगाचा स्वेटर, डोक्याला मफलर, खांद्यावर शाल. थंडीपासून रक्षण करणारा हा वेश मोटारचालकाच्या नजरेपासूनही स्वाराला लपवतो.

या धुक्याचा शास्त्रीय अभ्यास 2015 च्या हिवाळ्यात नव्या जोमाने सुरू झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर ‘विंटर फॉग एक्स्परिमेंट’ अर्थात ‘वायफेक्स’ हा प्रकल्प उभा राहिला. धुके केव्हा धरते, किती दाट होते आणि केव्हा विरते, याचे अंदाज सुधारणे हा त्याचा हेतू. विमानांना त्याचा लाभ होतो, हे उघड आहे. परंतु सायकलस्वाराला विमानासारखा उड्डाणाला उशीर करता येत नाही. शाळेची घंटा ठरल्या वेळी वाजते.

आणि सायकल ही या प्रदेशात किरकोळ बाब नाही. 2006 साली बिहार सरकारने नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या योजनेमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींमधील दरी 40 टक्क्यांनी घटली. म्हणजे पहाटेच्या धुक्यातून जाणारी सायकल हे शिक्षणाचे वाहन आहे. त्या सायकलीवर बसणाऱ्याने अंगावर काय घालावे, हा प्रश्न म्हणूनच विज्ञानाच्या कक्षेत येतो. त्याचे दोन भाग आहेत : ऊब कशी टिकवावी आणि दिसावे कसे. गंमत अशी की या दोन भागांचा इतिहास शतकभराहून अधिक काळ एकमेकांना न भेटताच पुढे सरकत राहिला.

ऊब : कापडाची नव्हे, हवेची

पहिल्या भागाचा आरंभ बव्हेरियाच्या सैन्यात होतो. बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, याच्यावर तेथील लष्कराच्या सुधारणेची जबाबदारी होती. कोणते कापड सैनिकाला अधिक उबदार ठेवते, हे तपासण्यासाठी त्याने तापमापकाभोवती रेशीम, लोकर, कापूस, पिसे, फर असे निरनिराळे पदार्थ गुंडाळले आणि तो थंड व्हायला किती वेळ लागतो, हे मोजले. निष्कर्ष त्या काळाला चकित करणारा होता : ऊब प्रामुख्याने धाग्यांमध्ये अडकलेल्या निश्चल हवेमुळे राहते. या संशोधनासाठी 1792 साली रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. आजही दोन पातळ कपडे एका जाड कपड्याहून सरस ठरतात ते याच कारणाने. त्यांच्या मधल्या फटीतही हवा अडकते.

1880 च्या दशकात जर्मनीचा गुस्टाफ येगर याने अंगालगत लोकरच वापरावी असा प्रचार केला आणि युरोपात लोकरी कपड्यांची लाट आली. 1878 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश सायकलपटूंच्या संघाचा गणवेशही लोकरी कापडाचाच होता. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. सुती कापडाचे तसे नाही. ते घामाने भिजते, अंगाला चिकटते, त्यातील हवेची जागा पाणी घेते आणि ऊब नाहीशी होते.

घामाचा मुद्दा सायकलस्वाराच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. पायांचे स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागाचेच कामात रूपांतर करतात. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. उभ्या माणसाला पुरेसा वाटणारा जाड कोट दहा मिनिटांच्या पायडलनंतर नकोसा होतो. उलट, स्वार स्वतःच्या वेगाने स्वतःवर वारा ओढवून घेतो. वाऱ्याने वाढणारा गारठा प्रथम पद्धतशीरपणे मोजला तो पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल यांनी. अंटार्क्टिकावर 1941 मध्ये त्यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यातील पाणी गोठायला लागणारा वेळ निरनिराळ्या वाऱ्यांत नोंदवला. त्या कल्पनेवर आधारलेल्या आजच्या सूत्राप्रमाणे, हवेचे तापमान 5 अंश सेल्सिअस असताना ताशी 20 किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला सुमारे 1 अंशाइतका गारठा देतो. शिवाय थंडीत शरीर आपले रक्त मध्यभागाकडे वळवते. बोटे, कान आणि पावले आधी बधिर होतात. बधिर बोटांनी ब्रेक दाबणे हा उबेचा नव्हे, सुरक्षेचा प्रश्न होतो. म्हणून हातमोजे हा चोचला नाही.

तात्पर्य, छातीवर वारा अडवणारा एक पातळ थर हवा. ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीतील जुने सायकलपटू घाट उतरण्यापूर्वी जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी सरकवत असत. कागद वारा अडवतो आणि त्याच्या घड्यांत हवा साठते. पुढे 1969 मध्ये रॉबर्ट गोर याने टेफ्लॉनचा पदार्थ झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनवला. त्यातून घामाची वाफ बाहेर जाते, पाण्याचा थेंब मात्र आत येत नाही. हे कापड महाग असते; पण वर्तमानपत्र टाकणाऱ्याच्या पिशवीत त्याचा स्वस्त पर्याय रोजच असतो.

दिसणे : डोळ्यापासून सुरुवात

दुसऱ्या भागाची सुरुवात एका पहाटेच्या निरीक्षणातून झाली. बोहेमियाचा शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याच्या लक्षात आले की दिवसा सर्वांत झळाळणारी लाल फुले उजाडताना काळपट दिसतात आणि निळा रंग आधी जाणवतो. 1825 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. कारण पुढे उलगडले. भर उजेडात डोळ्यातील शंकुपेशी काम करतात आणि त्या 555 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळट हिरव्या रंगाला, सर्वाधिक प्रतिसाद देतात. अंधारात दंडपेशी पुढे येतात. त्यांचा कमाल प्रतिसाद 507 नॅनोमीटरच्या जवळ असतो आणि लाल रंग त्यांना जवळजवळ दिसतच नाही. दुकानात ‘उठून दिसणारा’ म्हणून निवडलेला लाल स्वेटर पहाटे पाच वाजता काळ्या स्वेटरपेक्षा फारसा वेगळा नसतो.

1852 मध्ये जॉर्ज स्टोक्स याने क्विनीनच्या द्रावणावर अदृश्य अतिनील किरण टाकले असता ते निळसर चमकते, याचा उलगडा केला. पदार्थ कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. ‘फ्लोरस्पार’ या खनिजावरून त्याने या घटनेला ‘फ्लोरेसेन्स’ हे नाव दिले. मराठीत ती ‘प्रतिदीप्ती’ झाली. भारतीय वाचकाला स्टोक्स आणखी एका संदर्भात भेटतो. कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना 1923 मध्ये द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशात क्षीण प्रतिदीप्तीसारखे काहीतरी दिसले होते. ती प्रतिदीप्ती नव्हे, हे पुढच्या संशोधनातून ठरले आणि 28 फेब्रुवारी 1928 रोजी रामन परिणाम जगापुढे आला. त्यातील अधिक तरंगलांबीच्या रेषांना आजही ‘स्टोक्स रेषा’ म्हणतात.

प्रतिदीप्तीचे रंग बाजारात आणले ते कॅलिफोर्नियातील बॉब आणि जो स्विट्झर या बंधूंनी. 1930 च्या दशकात अपघातानंतर बॉबला अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यावी लागली. तेथे अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या पदार्थांनी दोघा भावांना झपाटले. त्यातून ‘डे-ग्लो’ रंग जन्मले. दुसऱ्या महायुद्धात विमानांना खुणावणारे कापडी पट्टे या रंगांचे होते. रस्त्यावरील मजुरांची भडक नारिंगी आणि पोपटी जाकिटे हा त्यांचाच वारसा.

पण या रंगांना आकाशाचा प्रकाश लागतो. सूर्योदयापूर्वीच्या निळसर संधिप्रकाशात ते उत्तम उठतात. संपूर्ण काळोखात, पिवळ्या पथदिव्याखाली मात्र त्यांची जादू संपते, कारण त्या दिव्यात त्यांना हवे ते अतिनील आणि निळे किरण जवळजवळ नसतात. तेथे दुसरे तत्त्व उपयोगी पडते : आलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवणे. 1934 मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील पर्सी शॉ याने रस्त्यात बसवायच्या ‘मांजरीच्या डोळ्यां’चे पेटंट घेतले. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने काचेचे बारीक मणी बसवलेला परावर्तक पत्रा बाजारात आणला. काचेचा अपवर्तनांक 1.9 च्या जवळ असेल तर मणी आलेल्या किरणांना आपल्या मागच्या पृष्ठभागावर एकवटतो आणि तेथून ते मोटारीच्या दिव्याकडे, म्हणजेच चालकाच्या डोळ्याकडे परततात. शाळेच्या दप्तरावरील रुपेरी पट्टी हेच करते. 1 एप्रिल 2017 पासून भारतातील नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्यामुळे संधिप्रकाशातही त्या पट्टीला परतवायला प्रकाश मिळतो.

चालकाच्या मेंदूत काय घडते

चमकणारे काहीतरी दिसणे आणि ‘तेथे माणूस आहे’ हे कळणे यांत अंतर आहे. स्वीडनमधील उप्साला येथील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन याने 1973 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. अंधारात माणसाच्या सांध्यांवर लहान दिवे लावून त्याने चित्रण केले. माणूस स्थिर असता प्रेक्षकांना केवळ ठिपक्यांचा पुंजका दिसे. तो चालू लागताच मनुष्याकृती क्षणात ओळखू येई. मेंदू सांध्यांच्या हालचालीचा ठसा वाचतो.

क्वीन्सलंडमधील संशोधकांनी हे तत्त्व सायकलस्वारांवर पडताळले. रात्री बंद मार्गावर मोटार चालवणाऱ्यांनी काळ्या कपड्यांतील स्वारांपैकी अवघे 2 टक्के ओळखले. प्रतिदीप्त जाकिटातील 15 टक्के. परावर्तक जाकिटातील 50 टक्के. आणि जाकिटाबरोबर गुडघ्यांना व घोट्यांना परावर्तक पट्ट्या असलेले तब्बल 90 टक्के. पायडलबरोबर वर-खाली होणारी घोट्यावरची पट्टी चालकाला सांगते, हा खांब नव्हे, माणूस आहे.

डेन्मार्कमध्ये याहून मोठी चाचणी झाली. 6793 सायकलस्वारांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेल्या अर्ध्यांना पिवळे जाकीट दिले गेले. वर्षभरात जाकीटवाल्या गटात इजा झालेले अपघात 47 टक्क्यांनी कमी नोंदवले गेले. संशोधक येथे थांबले नाहीत. जाकिटाचा ज्यांच्याशी काही संबंध नाही असे, एकट्याने घसरून पडण्याचे अपघातही या गटाने कमी कळवले होते. म्हणजे जाकीट मिळालेले लोक कळवण्यातच हात आखडता घेत असावेत. हा कल वजा केल्यावर परिणाम 38 टक्के उरला. आकडा लहान झाला, पण विश्वासार्ह झाला.

धुक्याचे वेगळे गणित

अंधाराचे उत्तर धुक्याला जसेच्या तसे लागू होत नाही. परावर्तक पट्टीसाठी प्रकाशाला धुक्यातून दोनदा जावे लागते, मोटारीपासून स्वारापर्यंत आणि परत. दृश्यमानता 50 मीटर असताना 25 मीटर अंतरावर एका फेरीत सुमारे 14 टक्के प्रकाश टिकतो. दोन फेऱ्यांत अवघा 2 टक्के. शिवाय मोटारीच्या दिव्याचा उजेड धुक्याच्या थेंबांवरून उलटून चालकाच्याच डोळ्यांत जातो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. सायकलीवरच्या दिव्याला मात्र एकच फेरी करावी लागते. म्हणून दाट धुक्यात मागचा लहानसा दिवा सर्वांत भरवशाचा. पट्टी त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

2020 मध्ये केंद्र सरकारने सायकलींवरील परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्याचा संबंध सायकलीशी आहे. स्वाराच्या अंगावर काय असावे हे घरात आणि शाळेत ठरते. आतापर्यंतच्या इतिहासातून निघणारे उत्तर फार खर्चिक नाही. अंगालगत घामाने न भिजणारा थर, त्यावर हवा धरून ठेवणारा लोकरी स्वेटर, छातीवर वारा अडवणारा पातळ थर, हातांत मोजे. कान झाकावेत, पण मफलर डोळ्यांच्या कडा झाकणार नाही असा बांधावा, आणि शालीचे टोक चाकात जाणार नाही असे खोचावे. सर्वांत वर पिवळट हिरवे काहीतरी, दोन्ही घोट्यांना रुपेरी पट्ट्या आणि मागे पेटता दिवा.

गणवेशाचा स्वेटर गडद निळाच असावा असा आग्रह असलेल्या शाळांनाही यात अडचण नाही. घोट्यावरची पट्टी शाळेच्या दारात काढून दप्तरात ठेवता येते.