उभ्या गाडीचा इतिहास

आमच्या घराच्या मागल्या पडवीत, कडब्याच्या पेंढ्या आणि एक मोडका पाळणा यांच्या मधोमध, एक मोटारसायकल एकतीस वर्षे उभी होती. १९९४ च्या पावसाळ्यात अण्णांनी ती तिथे लावली आणि वर घोंगडे टाकले. २०२५ च्या उन्हाळ्यात ते घोंगडे मी काढले. मधल्या काळात तिच्या बैठकीवर कोंबड्यांनी संसार मांडले आणि भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला. दोन्ही वेळा अण्णा एवढेच म्हणाले, "राहू दे. लागेल."

ती जावा. १९६८ सालची, म्हैसूरच्या कारखान्यातली. रंग तांबडा आणि टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोमचा मुलामा. अण्णा सातारा जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. १९७२ मध्ये त्यांनी ती जुनी म्हणून घेतली, आणि तेच वर्ष दुष्काळाचे निघाले. माण-खटावच्या बाजूला विहिरी आटल्या, माणसे खडी फोडायला रस्त्यांवर गेली आणि जनावरे छावण्यांत आली. त्या छावण्यांच्या वाटा ह्या गाडीने तुडवल्या आहेत. म्हणजे आमच्या घरात ती माझ्या दहा वर्षे आधी आली. ज्येष्ठत्वाचा तिचा मान मी कधी ओळखला नाही, हे पुढे जे घडले त्यावरून वाचकांच्या ध्यानात येईल.

त्याचे असे झाले. घोंगडे काढले, फडके मारले, आणि मोठ्या उत्साहात मी किक मारली. जावाचा गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच असतो. तो आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. किक खाली जाईना. मी सगळे वजन टाकले. आतून 'कट्' असा बारीक आवाज आला, दांडा दोन बोटे खाली गेला आणि पुन्हा थबकला. मला वाटले, सुटले! वास्तविक तुटले होते.

आमच्या तालुक्याच्या गावी एक वृद्ध मिस्त्री आहेत. गाडी टेम्पोतून त्यांच्याकडे नेली. त्यांनी प्लग काढून भोकाला नाक लावले आणि वर न पाहताच विचारले, "गुरुजी, लाथ मारली का हो?"

मी कबूल केले. ते म्हणाले, "एकतीस वर्षं झोपलेल्या माणसाला तुम्ही लाथ मारून उठवाल का?"

मग त्यांनी जे करायला हवे होते ते सांगितले. बंद राहिलेल्या इंजिनात दमट हवा शिरते. पिस्टनच्या रिंगा लोखंडाच्या, सिलिंडरही लोखंडाचा. दोहोंना एकत्र गंज धरतो आणि ती एकमेकांना चिकटतात. अशा वेळी प्लगच्या भोकातून डिझेल आणि तेल निम्मे-निम्मे ओतायचे आणि आठ दिवस वाट पाहायची. नंतर वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने किंचित पुढे, किंचित मागे हलवायचे. नाही हलले तर पुन्हा आठ दिवस. माझ्या घाईपायी रिंगेचे दोन तुकडे झाले होते आणि त्यातल्या एकाने सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नखभर ओरखडा काढला होता. मुळात ६५ मिलिमीटरचा तो बोअर आता लेथवर नेऊन अर्ध्या मिलिमीटरने मोठा करणे भाग होते, आणि त्याला तेवढाच मोठा पिस्टन शोधणेही.

या कामाला महिना गेला. त्या महिन्यात दर रविवारी मी मिस्त्रींच्या दुकानात जाऊन बसे, आणि घरी येऊन ह्या गाडीचे कूळ शोधत असे.

जावा हे नाव ऐकून पूर्वेकडचे बेट आठवते, पण त्याचा इथे संबंध नाही. प्राग शहरात जानेचेक नावाचा एक शस्त्रांचा कारखानदार होता. १९२९ साली त्याने वांडरर ह्या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले. जानेचेकचा 'जा' आणि वांडररचा 'वा'. पुढे १९३९ च्या मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. कारखान्याला जर्मनांच्या युद्धाचे काम करावे लागले; स्वतःच्या मोटारसायकली बंद. १९४१ मध्ये जानेचेक वारला. पण त्याच कारखान्यातल्या तंत्रज्ञांनी गुपचूप अडीचशे सीसीच्या एका नव्या गाडीचा आराखडा केला, आणि चाचणीच्या गाड्या डीकेडब्ल्यू ह्या जर्मन गाडीचे सोंग देऊन रस्त्यावर फिरविल्या. युद्ध संपल्यावर १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ही नवी जावा उजळ माथ्याने उभी राहिली. आमच्या पडवीतली गाडी तिच्याच वंशातली, पुढच्या पिढीची.

ती हिंदुस्थानात स्थिरावली इराणी घराण्यामुळे. रुस्तम आणि फरोख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. म्हैसूरच्या महाराजांचा, जयचामराजेंद्र वडियारांचा, त्याला पाठिंबा होता. एकच सिलिंडर, पण धूर सोडायला दोन नळ्या. सहा व्होल्टची बॅटरी. आणि दिव्याच्या डोक्यात खुपसायची खिळ्यासारखी किल्ली. ती हरवली तर खरोखरीचा खिळा चालवणारे लोक आमच्या गावात होते! १९७० नंतरच्या दशकात गाडीचे नाव येझदी झाले. इराणातल्या याझ्द शहरावरून. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने बनलेल्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या हलक्या गाड्या आल्या. पुढे धुराचे नियम कडक झाले. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २०१८ पासून जावा ह्या नावाच्या गाड्या पुन्हा विकल्या जात आहेत, पण नाव तेवढे जुने, इंजिन निराळे.

कारखाना गेला तरी त्याची विद्या गेली नाही, हे मला मिस्त्रींच्या दुकानात कळले. त्यांनी म्हैसूर पाहिलेले नाही. तरी क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेल्या रबरी सीलवर बोट ठेवून त्यांनी मला जे समजावले ते एखाद्या पाठ्यपुस्तकात शोभावे. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. पिस्टन वर गेला की खालच्या पेटीत पोकळी होते आणि ती पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून वर ढकलते. म्हणजे खालची पेटी हे इंजिनाचे फुप्फुस. सील वाळून कडक झाले की एका बाजूने फुकट हवा शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन जॅम होतो. दुसऱ्या बाजूने गिअरचे तेल आत ओढले जाते आणि गाडी धुराने गल्ली भरते. "गाडी चालू झाली म्हणून नाचणारे पुष्कळ बघितले," मिस्त्री म्हणाले. "सील न बदलता नाचले, ते दहा मैलांवर रडले." आताच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून त्यांनी नळ्याही नव्या घातल्या.

शेवटी त्यांनी टाकी उघडली. तळाशी काकवीसारखा काळा, आंबट वासाचा चिकटा होता. कार्बुरेटरमध्येही तोच, जेटचे भोक पार बुजलेले. मिस्त्री थांबले.

"अण्णांसारखा जाणता माणूस, आणि टाकी भरलेली ठेवली?"

मीही चकित झालो. गाडी फार दिवस ठेवायची तर टाकी रिकामी करतात, कार्बुरेटर कोरडा करतात, प्लगमधून चमचाभर तेल सोडतात, बॅटरी काढून ठेवतात. हे अण्णांनीच मला लहानपणी दाखवले होते. मग त्यांनी यातले काहीच का केले नाही?

घरी परतताना एस.टी.त मला त्याचे उत्तर सुचले. १९९४ मध्ये अण्णांना काचबिंदू झाला होता. पुण्याला उपचार चालले होते. दृष्टी गेली ती परत येणार नाही, हे आईला माहीत होते, मलाही कळत होते. अण्णा मात्र म्हणत, "पंधरा दिवसांत बसेन गाडीवर." टाकी रिकामी करणे म्हणजे ते पंधरा दिवस येणार नाहीत हे स्वतःच्या हातांनी कबूल करणे. ते त्यांनी केले नाही. गाडी ठेवलीच नव्हती. ती नुसती थांबली होती. आणि मी, त्यांचा मुलगा, एकतीस वर्षे त्या घोंगड्याजवळून जात होतो. टाकीचे झाकण एकदाही उघडून पाहिले नाही.

श्रावणात गाडी घरी आणली. अण्णा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना ओसरीवर खुर्चीत बसवले. पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, असे मिश्रण मी मोजून घातले. पॉइंट साफ केले होते, नवी बॅटरी होती. खिळा खुपसला आणि या वेळी बेताने किक मारली. चौथ्या किकेला निळा धूर आला, आणि तो आवाज!

अण्णांनी मान तिरपी केली. बराच वेळ ते ऐकत राहिले. आई पदराने डोळे पुसत होती, पण त्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

"एक सोडून एक फुटतंय," ते म्हणाले. "पेट्रोल जास्त जातंय. स्क्रू फिरव. अर्धा आटा, जास्त नको."

मी फिरवला. आवाज एकसारखा झाला. अण्णांनी हात पुढे केला. मी गाडी ढकलत खुर्चीपाशी नेली. त्यांनी टाकीवरून तळहात फिरवला, झाकण चाचपले.

"रोज काढणार आहेस का ही?"

"नाही अण्णा. रविवारी, जमेल तसं."

"मग पेट्रोलची चावी बंद कर," ते म्हणाले. "आपोआप बंद पडू दे तिला. आणि संध्याकाळी टाकी रिकामी करून ठेव."

मी चावी बंद केली. कार्बुरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत जावा मिनिटभर वाजत राहिली. अण्णांनी शेवटपर्यंत टाकीवरचा हात काढला नाही.