बारा वर्षांची रेघ

मार्च 1891, पुणे. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या दिंडीतून तुम्ही वाकून आत शिरता, तशी ओसरीवरची पाच-सहा पागोटी तुमच्याकडे वळतात. ‘कोण?’ असं कुणी विचारत नाही. ‘कुणापैकी?’ असं विचारतात. उत्तर जपून द्या. तुम्ही बोडक्या डोक्याने आलात, हे त्यांनी केव्हाच टिपलंय.

विषय एकच आहे, संमतिवयाचा. बायको दहाऐवजी बारा वर्षांची होईपर्यंत नवऱ्याने तिच्याशी संग केला तर तो गुन्हा, असा कायदा होऊ घातलाय. अलीकडेच कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी पोर नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, तिचं नाव इथे कुणी काढत नाही. टिळकांचा मुद्दा मात्र सगळ्यांना पाठ आहे: परक्या सरकारने आमच्या घरात नाक खुपसायचं कारण नाही. खरं सांगा, ऐकताना तुम्हालाही पटतं ना? सरकारने उंबऱ्याबाहेर थांबावं, हे तर उदारमतवादाचं पहिलंच कलम.

कोपऱ्यातला एक विद्यार्थी धोतराच्या घडीतून ‘सुधारक’ पत्राचा अंक काढतो आणि हळूच तुमच्याकडे सरकवतो. तो असा लपवावा का लागतो, याचं उत्तर याच शहराने दिलंय: संपादक आगरकर हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढून.

सरकार काय चीज आहे, हे आगरकरांना कुणी शिकवायला नको. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात 1882 साली ते टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून आलेत. तरीही ते या कायद्याच्या बाजूने उभे आहेत. त्यांनी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल वाचलाय. ‘ऑन लिबर्टी’त (1859) मिलला राजाइतकीच धास्ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची वाटते, कारण समाजाचा जुलूम शिपायाशिवाय चालतो. दुसऱ्याला इजा होते तिथे सरकारने हात घालावा, आणि मूल अजाण असतं म्हणून त्याला जपावं, असं तो म्हणतो. (हाच मिल 35 वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता, आणि ‘मागासलेल्या’ समाजांना त्याने याच पुस्तकात स्वातंत्र्याच्या हिशेबातून वगळलंय. म्हणजे ही सगळी ओसरी वगळली, आगरकरांसकट. हे मात्र मला त्याला माफ करवत नाही.)

तुम्ही पान उलटता. जोत्याच्या कडेला एक मुलगी एकटीच सागरगोटे खेळतेय. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. वय नऊच्या आसपास. येणारा कायदा तिचं लग्न मोडणार नाही, लग्नाच्या वयाला तो हातही लावत नाही. आणखी तीन वर्षं, एवढीच त्याची रेघ.

‘उद्या फौजदार जन्मपत्रिका तपासायला येईल, चहा टाकून ठेवा!’ कुणीतरी म्हणतं. ओसरी खो-खो हसते. मुलगी दचकून वर बघते, झेल चुकतो, आणि एक सागरगोटा पायऱ्यांवरून टणटणत तुमच्या पायाशी येऊन थांबतो.