दात आणि धाव

वापरलेली वस्तू विकत घेणाराला दोन आकड्यांचा मेळ घालावा लागतो. एक आकडा विकणारा सांगतो, ती किंमत. दुसरा वस्तूच्या अंगावर असतो, ती तिची झीज. मोटारीच्या बाबतीत हा दुसरा आकडा समोरच्या तबकडीवर स्वच्छ दिसतो, म्हणून हा हिशेब आपल्याच काळात निघाला अशी समजूत होते. वस्तुतः खानदेशात तो कित्येक पिढ्या चालत आलेला आहे. मात्र तो मोटारीचा नव्हता, घोड्याचा होता. आणि आकडा तबकडीवर नव्हता, दातांवर होता.

तापीकाठी सारंगखेडे नावाचे गाव आहे. एकमुखी दत्ताचे हे स्थान. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. सारंगखेडे धुळ्याच्या वाट्याला आले. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते तिकडे मोडते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला येथे यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशी दूरदूरची जनावरे येथे येतात. या बाजारात मी पुष्कळदा हिंडलो आहे; घेण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. हौशी गिऱ्हाईक आधी रंग पाहते, पंचकल्याणी आहे का ते पाहते, गळ्याचा देवमण आणि बाकीचे भोवरे शोधते. मुरलेले गिऱ्हाईक मुकाट्याने जनावराचा ओठ वर करते.

त्याला तेथे काय दिसते? घोड्याला सुमारे अडीच वर्षांनी मधल्या दुधाच्या दातांच्या जागी पक्के दात येऊ लागतात, साडेतिनाव्या वर्षी त्यांच्या शेजारचे, साडेचाराव्या वर्षी कडेचे. पाचव्या वर्षी तोंड भरते. या दातांच्या माथ्यावर काळसर खळगे असतात. चारा चावून चावून खालच्या जबड्यातले मधले खळगे सहाव्या वर्षाच्या सुमारास बुजतात, त्यांच्या शेजारचे सातव्या, कडेचे आठव्या. पुढे दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीलगत एक खाच दिसू लागते आणि विसाव्या वर्षापर्यंत ती टोकापर्यंत उतरते. आपल्या शेतकऱ्याला ही विद्या परकी नाही. अदंत, दोनदाती, चारदाती, जुळलेला ही बैलाची भाषा गुरांच्या बाजारात पोरालाही कळते.

परंतु जेथे आकडा आहे तेथे लबाडीही आहे. म्हाताऱ्या घोड्याचे बुजलेले खळगे कोरून, डागून पुन्हा काळे करण्याची विद्या दलालांनी फार पूर्वीच साधली होती. इंग्रजांत तिला ‘बिशपिंग’ असे खास नावच पडले. मोटारीचा मैलांचा आकडा मागे फिरविणारा आजचा कारागीर हा त्याच गुरूचा चेला म्हटला पाहिजे. दलालांचा हा उपद्रव राज्यकर्त्यांनाही जाणवला होता. देवगिरीवर १२९६ साली चालून आलेल्या अल्लाउद्दीन खलजीने पुढे दिल्लीत घोड्यांचे भाव प्रतवारीने बांधून दिले. पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० तंके, तट्टू १० ते २५ तंके. आणि दलालांना त्याने कडक शासन केले.

आणि कोणी लबाडी केली नाही, तरी आकडा फसवितोच. रेताड कुरणात चरणाऱ्या घोड्याचे दात लवकर झिजतात. वयाने लहान असून तो तोंडाने म्हातारा दिसतो. दात हे वयाचे साक्षीदार आहेत, वागणुकीचे नव्हेत.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, जळगावचे माझे एक स्नेही गेल्या वर्षी मोठ्या पेचात पडले होते. केळीच्या व्यापारात चाळीस वर्षे झिजलेला हा गृहस्थ. तरुणपणापासून मनात घर करून बसलेली परदेशी शर्यती बांधणीची मोटार एकदा तरी दारात उभी करावी, ही त्यांची हौस. आणि त्यासाठी आयुष्याच्या शिलकेतला मोठा वाटा बाहेर काढायचा होता. एकाच बनावटीच्या, एकाच वयाच्या दोन जुन्या गाड्या समोर होत्या. एक अवघी आठ हजार किलोमीटर धावलेली आणि फार महाग. दुसरी बेचाळीस हजार धावलेली, पुष्कळ स्वस्त, पण प्रत्येक दुरुस्तीची पावती जपून ठेवलेली. घरातली सगळी मंडळी पहिलीच्या बाजूची. त्यांनी मला विचारले. मला मोटारीतले थोडे आणि इतिहासातले त्याहून बरे कळते, म्हणून मी त्यांना इतिहासच सांगितला.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो दक्षिणेत आला. पांड्य देशाचा राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे समुद्रापलीकडून आणवीत असे, असे त्याने लिहून ठेवले आहे. एकेका घोड्याची किंमत चांदीच्या शंभर मार्कांहून अधिक. आणि वर्षाअखेर त्यांतले शंभरही जिवंत राहात नसत! कारण काय, तर त्यांची निगा जाणणारी माणसेच तेथे नव्हती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. त्या घोड्यापायी त्याचे शंभर रूबल खर्ची पडले होते. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला. सुदैवाने परत मिळाला, तेव्हा निकितिनने तो बिदरास विकला. त्याला वर्षभर पोसण्यास ६८ नाणी लागली, हेही त्याने टिपून ठेवले आहे. किंमत एकदाच द्यावी लागते. पोसणे रोजचे असते.

याच्या उलट शिवछत्रपतींची पागा पाहा. सभासद बखरीतल्या वर्णनाप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीला परतावयाचे; तेथे दाणा, वैरण, औषधे आधीच सिद्ध; दसऱ्याला पुन्हा मुलुखगिरीस बाहेर पडावयाचे. ही जनावरे वर्षाचे आठ महिने मुलूख तुडवीत. दौडीच्या हिशेबाने ती झिजलेलीच म्हणायची. पण त्यांच्या मागे पागा उभी होती. शिलेदाराचे तसे नव्हते. त्याचा घोडा स्वतःचा. तो पडला की रोजी बुडाली. म्हणून ऐन लढाईत जनावर वाचविण्याकडे त्याचा कल होणे साहजिक होते. घोडा फार मोलाचा झाला की धन्याला तो पळविण्याचे भय वाटू लागते, आणि मग तो घोडा राहात नाही, ठेव होते.

कमी धावलेली महागडी मोटार पुष्कळदा अशीच शिलेदाराची घोडी असते. किंमत उतरेल या भयाने ती झाकून ठेवलेली असते. पण उभे राहणे ही विश्रांती नव्हे. पुरता दाणा खाऊन नुसता उभा असलेला घोडा एकदम कामाला जुंपला, तर त्याचे मागच्या अंगाचे स्नायू आखडून धरतात. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी होतो म्हणून इंग्रजांनी त्याला सोमवारचा आजार म्हटले. मोटारीचेही तसेच. टायर उभ्याने कडक होतात, रबरी बुचे सुकतात, पेट्रोल टाकीत नासते. १९९४ साली निघालेल्या फेरारी एफ-३५५ या गाडीतला इंजिनचा दातेरी पट्टा, गाडी धावो की न धावो, काही वर्षांनी बदलावाच लागतो. आणि त्यासाठी सबंध इंजिन खाली उतरवावे लागते. असा खर्च तबकडीवर दिसत नाही. तो पावत्यांत तरी दिसतो, नाही तर पुढे आपल्या खिशात दिसतो.

वाचक म्हणतील, मग आकडा पाहूच नये काय? अवश्य पाहावा. फार धावलेल्या वस्तूत थोडीच धाव उरते, हे दातांइतकेच खरे आहे. आणि कमी धावलेली, पण नेमाने फिरविलेली व राखलेली गाडी मिळाली, तर तिला चार पैसे अधिक देण्यात काही वावगे नाही. परंतु आपण पैसे मोजतो ते झालेल्या धावेचे नव्हेत, उरलेल्या धावेचे. आणि उरलेली धाव धन्याच्या राखणीवर ठरते. माझ्या स्नेह्यांनी एक जाणता मिस्त्री बरोबर घेतला, दोन्ही गाड्या सकाळी थंड असताना सुरू करविल्या, खालून पाहिल्या, रस्त्यावर काढल्या, आणि पहिलीला लागणाऱ्या कामाचा अंदाज तिच्या किमतीत मिळवून पाहिला. शेवटी त्यांनी बेचाळीस हजारांची गाडी घेतली. घरच्यांची नाराजी अजून पुरती गेलेली नाही. पण गाडी दर रविवारी धुळ्याच्या रस्त्याला धावते.

सारंगखेड्याच्या बाजारात ओठ मिटल्यावर मुरलेले गिऱ्हाईक लगाम मागते. तेथे रवाल चाल पाहतात. दम, खूर, पाय पाहतात. आणि मग घोडा कोणाच्या दावणीचा, हे विचारतात. भावाची गोष्ट त्यानंतर. आपल्या भाषेत ‘घोडामैदान जवळच आहे’ असे म्हणतात, ते उगाच नव्हे. दात वय सांगतात. परीक्षा मैदानातच होते.