आत्याचं मीठ

माळा आवरताना आत्याची वही सापडली. पाककृतींची म्हणावी तर पाककृती नाहीतच तिच्यात. नुसतं मीठ आहे. आमटी, पाच माणसं, पाऊण चमचा. कोबी पाव किलो, पाव चमच्याला थोडं जास्त... घरच्यांना आठवत असेलच, बाकी ब्लॉगकर मंडळींसाठी सांगतो: आत्याच्या हाताला चव होती आणि १९८८ पर्यंत तिने मीठ कधी मोजलं नव्हतं. मग तिच्या जिभेची चवच गेली.

त्याआधी दोन हिवाळे तिची बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. नाशिकची थंडी, सकाळी गार पाण्यात हात, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पुढे बोटं सुजली, कातडी ताणून चकचकीत झाली, तोंड पुरतं उघडेना. पोळीचा घास अगदी चिमणीएवढा. निदान झालं: स्क्लेरोडर्मा. शरीराची संरक्षणयंत्रणा घरच्यांवरच उलटते, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, आणि एरवी जखम सांधणारं कोलॅजन विनाकारण थरावर थर साचत जातं. आधी कातडीत, मग कुणाच्या अन्ननलिकेत, कुणाच्या मूत्रपिंडात, कुणाच्या फुप्फुसात.

वही सापडल्यापासून या रोगाचा इतिहास वाचतोय.

पहिली सविस्तर नोंद नेपल्सची, १७५३ सालची. कार्लो कुर्त्सिओ नावाच्या डॉक्टरांकडे पात्रित्सिया गालिएरा ही १७ वर्षांची मुलगी आली. कातडी लाकडासारखी कडक, मान वळेना, तोंड उघडेना. कुर्त्सिओंनी तिला कोमट दुधात बसवलं, वाफ दिली, पायातून रक्त काढलं, थोडा थोडा पाराही दिला. अकरा महिन्यांत कातडी मऊ झाली! त्यांनी पुस्तिका छापली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिची हकिकत आली. आता काही अभ्यासक म्हणतात की हा स्क्लेरोडर्मा नव्हताच, त्याच्यासारखा दिसणारा आणि बरेचदा आपोआप बरा होणारा दुसराच आजार असावा. म्हणजे दुधाला श्रेय मिळालं, पण दुधाने काय केलं ते कुणालाच ठाऊक नाही.

हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकात नाव ठरलं. ग्रीकमध्ये स्क्लेरोस म्हणजे कठीण, डर्मा म्हणजे कातडी. मोरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये पॅरिसला गारठ्याने पांढऱ्या-निळ्या पडणाऱ्या बोटांवर प्रबंध लिहिला. आत्याचे ते दोन हिवाळे आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात. रोग कातडीपुरता नाही, आतले अवयवही कवेत घेतो, हे ठसवणारं नाव १९४५ मध्ये केपटाऊनच्या रॉबर्ट गोएट्झ यांनी सुचवलं. असो.

आता गोळ्यांकडे येतो. पेनिसिलामाइन हे विल्सन रोगात शरीरातलं जादा तांबं बाहेर काढायला १९५६ पासून वापरात होतं. ते कोलॅजनच्या धाग्यांमधले टाके पक्के होऊ देत नाही, म्हणून स्क्लेरोडर्मात वापरून बघितलं गेलं. १९८२ मध्ये पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी जुने कागद तपासून ज्यांना ते दिलं आणि ज्यांना दिलं नाही त्यांची तुलना केली. दिलेल्यांची कातडी जास्त सुधारलेली दिसली. मग जगभर ते सुरू झालं, नाशिकलाही. तिच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्या वेळी हाताशी तेच होतं.

या औषधाने अनेकांच्या तोंडाची चव जाते. आत्याची गेली. ती माझ्या आईला विचारून विचारून मीठ घालायची, मग एक दिवस चमचा घेऊन बसली आणि वही सुरू झाली. पण १९९१ च्या सुमारास हाताची कातडी खरंच सैल पडली. चिमटीत येऊ लागली! बाबा वणीला जाऊन नवस फेडून आले. पुढे धाप लागायला लागली. १९९७ मध्ये आत्या गेली.

दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल छापून आला. रोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यातले १३४ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी. एका गटाला रोज ७५० ते १००० मिलिग्रॅम, दुसऱ्याला दिवसाआड १२५, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखंच. कातडी मोजायची पद्धत मजेशीर आहे: शरीराच्या १७ जागी चिमटा घेऊन बघायचं, प्रत्येक जागेला शून्य ते तीन गुण, कमाल ५१. दोन वर्षांनी दोन्ही गटांची कातडी सारखीच मऊ झालेली! त्रासामुळे औषध सोडलेल्यांत मात्र ८० टक्के मोठ्या मात्रेचे होते. या रोगात काही वर्षांनी कातडी आपली आपण सैलावते, आणि श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळतं. १७५३ मध्ये दुधाला, १९९१ मध्ये गोळ्यांना आणि वणीच्या देवीला.

हे वाचून मी ब्लॉग बंद करून बराच वेळ गॅलरीत उभा होतो.

सगळंच असं नाही, हेही सांगायला हवं. स्क्लेरोडर्मात अचानक रक्तदाब भडकून मूत्रपिंडं बंद पडायची, तेव्हा बहुतेक रुग्ण वर्षभरही काढत नसत. १९७९ च्या सुमारास कॅप्टोप्रिल (ब्राझीलच्या एका सापाच्या विषावरच्या अभ्यासातून आलेलं) दिल्यावर ते वाचू लागले. १९९० च्या अहवालात वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ७६ वर गेलेलं दिसतं. एवढा फरक डोळ्यांनीही दिसतो. बारीक फरकासाठी मात्र तुलनेचा गट लागतोच.

लहान मुलांतही. त्यांच्यात बहुधा रोग एखाद्या पट्ट्यापुरता राहतो. कपाळावर तलवारीचा वार झाल्यासारखा, किंवा पायावर, मग तो पाय वाढायचा थांबतो. इटलीत पादुआच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ७० मुलांवर चाचणी झाली, निकाल २०११ मध्ये आला. ४६ जणांना मेथोट्रेक्सेट, २४ जणांना नुसती दिसायला तशीच गोळी. पहिले तीन महिने सगळ्यांना स्टिरॉइड. वर्षभरात मेथोट्रेक्सेटवाल्या १५ मुलांचा रोग उलटला, दुसऱ्या गटात २४ पैकी १७ जणांचा. त्या चोवीस घरांतल्या आईबापांनी कशी सही केली असेल? माझ्याच्याने झाली नसती बहुतेक.

फुप्फुसांसाठी २००६ पासून एकेक औषध चाचणीतून पार पडत आलं, २०१९ मध्ये निंटेडॅनिब आलं. ऱ्हास मंदावतो, गेलेलं परत येत नाही.

बाबा आता ८६ वर्षांचे आहेत. अजून म्हणतात, "त्या गोळ्यांनी ताईला वर्षं दिली हो." मी त्यांना १९९९ चं काही सांगितलेलं नाही, आणि हे वाचणाऱ्या चुलतभावंडांनीही कृपया सांगू नये. काल वहीतल्या मापाने आमटी केली. पाऊण चमचा.

बाबांनी वाटी पुन्हा पुढे केली.