चंद्रोदयाची निगेटिव्ह आणि आजची ‘रॉ’ फाइल

१९४१ सालची एक संध्याकाळ. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात हर्नांडेझ या खेड्याजवळून छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मोटारीने चालले होते. पूर्वेला चंद्र वर आला होता आणि दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर शेवटचे ऊन पडले होते. घाईत प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता मात्र त्यांना पाठ होती. तिच्यावरून हिशेब करून त्यांनी एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेण्याआधीच ऊन गेले. पुढे १९९१ मध्ये चित्रातील चंद्राच्या स्थानावरून गणित मांडून ती तारीख १ नोव्हेंबर असल्याचे ठरले.

या निगेटिव्हवर अग्रभाग फारच विरळ उमटला होता. १९४८ मध्ये अ‍ॅडम्स यांनी रसायनांच्या साहाय्याने तो दाट केला. नंतर अनेक वर्षे ते तिच्यावरून नव्या प्रती काढत राहिले. जुन्या प्रतींत फिके असलेले आकाश नंतरच्या प्रतींत जवळजवळ काळे दिसते. मूळ नोंद हाती होती, म्हणूनच हा फेरविचार शक्य झाला.

डिजिटल कॅमेऱ्यात ही निगेटिव्ह कोठे असते? संवेदकावरील प्रत्येक बिंदू फक्त प्रकाशाचे प्रमाण मोजतो. त्याला रंग कळत नाही. म्हणून कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी बिंदूंवर रंगीत गाळण्या बसवण्याची मांडणी सुचवली: निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. तिचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. या बिंदूंनी मोजलेले आकडे फारशी प्रक्रिया न करता साठवले की ‘रॉ’, म्हणजे कच्ची फाइल होते. १४ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या मांडता येतात.

‘जेपेग’ची कथा वेगळी आहे. बंगलोरला जन्मलेले नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत एका गणिती रूपांतरावर संशोधन करण्यासाठी अनुदान मागितले. ते मिळाले नाही. तरीही नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी काम पुरे केले आणि १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तज्ज्ञगटाने हेच रूपांतर पायाभूत धरले. १९९२ मध्ये जेपेगचे मानक तयार झाले.

यात चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील ढोबळ आणि बारीक चढउतार वेगळे करतात. डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक चढउतार ठोकळमानाने लिहितात किंवा गाळतात. फाइल पुष्कळ लहान होते, पण गाळलेले परत येत नाही. शिवाय प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच उरतात, आणि रंगछटा व उठाव यांचा निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेला असतो.

मग निवड कशी करावी? सहलीची किंवा स्नेहसंमेलनाची छायाचित्रे जेपेगमध्ये उत्तम. पण उजळ आकाश आणि अंधारी दरी एकाच चित्रात हवी असेल, तर रॉ ठेवावी. सावलीतला तपशील नंतर उजळता येतो. मात्र जे संवेदकानेच टिपले नाही, ते रॉमध्येही सापडणार नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. आकाशाचे एखादे छायाचित्र कमी दर्जाच्या जेपेगमध्ये साठवावे आणि मोठे करून मूळ चित्राशेजारी ठेवावे. निळ्या रंगात पट्टे आणि डोंगराच्या कडेशी चौकोन दिसू लागतील. काय गाळले गेले, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.